सायकल झाली तरी अमोनिया पुन्हा वर येतो: लाइव्ह रॉकच्या नव्या टँकमध्ये दोष कसा शोधायचा

खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. लाइव्ह रॉक (समुद्रातला, जिवंत जीवाणू असलेला सच्छिद्र दगड) मांडला, मीठ मिसळलं, पॉवरहेड (पाणी फिरवणारे छोटे पंप) सुरू केले. अमोनिया चढला, त्यामागून नायट्राइट चढला, मग दोन्ही उतरले, म्हणजे ‘सायकल’ झाली: जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करू लागले. काही दिवस अमोनिया शून्य. आणि एका सकाळी टेस्टची नळी पुन्हा हिरवी. पाणी बदललं की उतरतो, चार दिवसांनी परत तिथेच. कुणी सांगतं जीवाणू मेले, बाटलीतले नवे जीवाणू ओता. कुणी सांगतं दगड नळाखाली धुऊन घ्या. कुणी म्हणतं सगळं काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. तिन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि शेवटच्या दोहोंमुळे तर चांगला रुळायला लागलेला टँक हातचा जातो.

माझं मत ठाम आहे: पुन्हा पुन्हा अमोनिया दिसत असेल तर जीवाणूंवरचा संशय सर्वांत शेवटी घ्यायचा. दगडाच्या पृष्ठभागावर एकदा नीट बसलेले नायट्रिफाइंग (अमोनिया पचवणारे) जीवाणू सहजासहजी मरत नाहीत. मग उरतात तीन शक्यता. टेस्टच फसवत असेल. किंवा जीवाणूंच्या आवाक्याबाहेर अमोनिया कुठून तरी सतत येत असेल. किंवा जीवाणू जिवंत आहेत पण त्यांना काम करायला लागणारं काहीतरी कमी पडतंय. याच क्रमाने तपासायचं. क्रम मोडला की एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या जातात आणि कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

मासे आत असतील तर आधी त्यांचं बघा

तपास नंतर. आधी खाणं बंद करा. निरोगी क्लाउनफिशला दोन-तीन दिवस उपास सहज झेपतो. एअर स्टोन लावा, पॉवरहेडचं तोंड वर वळवून पृष्ठभाग ढवळता ठेवा, आणि एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला.

पाणी बदलताना एक गोष्ट सांभाळावी लागते. टेस्ट किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला बराचसा अमोनियम आयनच्या रूपात असतो आणि तो तुलनेने निरुपद्रवी. माशाच्या कल्ल्यांना जाळतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंश तापमान आणि ८.२ पीएच असलेल्या समुद्री पाण्यात तो एकूण अमोनियाच्या साधारण सहा-सात टक्के असतो; पीएच ७.८ असेल तर निम्म्याहूनही कमी. म्हणजे टँकचा पीएच घसरलेला असेल आणि तुम्ही एकदम ८.३ पीएचचं ताजं खारं पाणी मोठ्या प्रमाणात ओतलंत, तर एकूण आकडा खाली येऊनही माशाला जास्त त्रास होऊ शकतो. पाणी हळूहळू सोडा, तासाभरात थोडं थोडं करत. आणि मासे आत असताना, अमोनिया चढलेला असताना, पीएच वाढवायला सोडा टाकू नका. आधी अमोनिया उतरवा, मग अल्कलिनिटीकडे (पाण्याच्या आम्ल झेलायच्या ताकदीकडे) बघा.

अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर हाताशी असेल तर जरूर वापरा, पण त्यानंतर बहुतेक किट पूर्वीइतकाच आकडा दाखवत राहतात, कारण बांधलेला अमोनियाही त्यांना दिसतो. आकडा उतरला नाही म्हणून दुप्पट डोस देणं धोक्याचं आहे. आणि ज्यांनी अजून मासा सोडलेला नाही त्यांना एकच विनंती: ‘स्वस्तातला डॅमसेल सोडा, त्याच्यावर सायकल होईल’ हा सल्ला मानू नका. अमोनिया द्यायचे दुसरे सोपे मार्ग आहेत, ते पुढे येतीलच. जिवंत माशाचे कल्ले त्यासाठी जाळायची काही गरज नाही.

आधी टेस्टवर संशय घ्या

घरोघरी वापरलं जातं ते द्रवाचं किट पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत रंग दाखवतं. ०.२५ पीपीएमची (दहा लाख भागांत पाव भाग) ती फिकट हिरवट छटा अनेकांची झोप उडवते, आणि कित्येकदा ती खरी नसते. यावर एक सोपी परीक्षा आहे. तीन नळ्या घ्या. पहिलीत आरओ पाणी, दुसरीत काल मिसळून ठेवलेलं ताजं खारं पाणी, तिसरीत टँकचं पाणी. तिन्हींत एकाच वेळी, सारखेच थेंब. घड्याळ लावून किटवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. मग तिन्ही नळ्या पांढऱ्या कागदाला टेकवून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. टँकच्या निळ्या एलईडीखाली किंवा स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग वाचू नका. अशा उजेडात पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक नीट कळत नाही.

तिन्ही नळ्या सारख्याच फिकट हिरव्या असतील तर दोष किटमध्ये आहे, किंवा तुमच्या डोळ्यांपुढच्या उजेडात. दुसरी आणि तिसरी हिरवी, पहिली पिवळी, असं दिसलं तर अमोनिया मिठातून येतोय. काही मिठांमध्ये किंचित अमोनिया असतो; रुळलेला टँक तो काही तासांत पचवतो, त्यामुळे त्याची काळजी नको, पण ‘पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी अमोनिया’ या तक्रारीचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. फक्त तिसरी हिरवी असेल तर अमोनिया खरा आहे. पुढे चला.

किटची मुदत तपासा. नळी धुताना शेवटी आरओ पाण्याने खळखळून घ्या. काचा पुसायचा स्प्रेही आठवून बघा: काही स्प्रेंमध्ये अमोनियाच असतो, आणि टँकची बाहेरची काच चकचकीत करताना तो उघड्या पाण्यावर उडतो. टँकची काच ओल्या फडक्याने पुसावी, बास.

दगडात काय सडतंय

आता मुख्य जागा. लाइव्ह रॉक म्हणजे सच्छिद्र चुनखडीचा सांगाडा आणि त्यात राहणारा सगळा गोतावळा: वरच्या थरात नायट्रिफाइंग जीवाणू, आत ऑक्सिजन न पोचणाऱ्या पोकळ्यांत नायट्रेट फोडणारे जीवाणू, आणि भोकाभोकांत स्पंज, नळीत राहणारे किडे, शिंपले, छोटे खेकडे, शैवाल. दगड पाण्याबाहेर निघतो, ओल्या कागदात गुंडाळून प्रवास करतो, तेव्हा जीवाणू बऱ्यापैकी तगतात. पण बऱ्याच स्पंजांना हवा अजिबात सोसत नाही. ते मरतात आणि आतल्या आत हळूहळू सडतात. पहिली सायकल होते ती पृष्ठभागावरच्या मेलेल्या जीवांवर. ती संपते, अमोनिया शून्य होतो. मग काही दिवसांनी आतल्या पोकळीतला, वाळूत गाडल्या गेलेल्या बाजूचा स्पंज फुटतो आणि अमोनिया परत येतो. सायकल मोडलेली नसते, नवं मढं उघडं पडलेलं असतं.

हे शोधायला नाकासारखं साधन नाही. हात स्वच्छ धुवा, साबणाचा अंश ठेवू नका, कातडी कापलेली असेल तर हातमोजे घाला. एकेक दगड उचला, पालथा करा, खालची बाजू नाकाजवळ आणा. निरोगी दगडाला भरतीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा खारट, किंचित मातकट वास असतो. सडणाऱ्या दगडाला कुजलेल्या मासळीचा किंवा नासक्या अंड्याचा वास येतो आणि तो येतो तेव्हा शंका राहत नाही. जिथे वास आहे तिथे बघा: करडा किंवा काळपट पडलेला, बोटाने दाबला की बुळबुळीत सुटणारा भाग, किंवा पांढऱ्या कापसासारखा तवंग. तो मेलेला स्पंज. टँकमधून काढलेलं खारं पाणी बादलीत घ्या, त्यात दगड धरून जुन्या टूथब्रशने तेवढाच भाग घासा, खोल भोकात मोठ्या सिरिंजने पाण्याचा झोत मारा. बादलीतलं पाणी फेकून द्या. गोडं पाणी नको, नळ नको. गोड्या पाण्यात दगड बुडवला की आत जे काही जिवंत आहे तेही मरतं आणि आठवड्याभराने तुम्ही पुन्हा याच परिच्छेदाशी येता.

दगडांच्या रचनेकडेही बघा. नव्या माणसाला दगड भिंतीसारखे एकावर एक, मागच्या काचेला टेकवून रचायची हौस असते. दिसायला भरगच्च दिसतं, पण मागे पाणी हलत नाही, घाण तिथेच बसते आणि सडते. दगडांमधून हात फिरवता येईल एवढी मोकळीक ठेवा, मागच्या काचेपासून चार बोटं अंतर ठेवा, आणि मोठे दगड सरळ तळाच्या काचेवर टेकवून मगच भोवती वाळू घाला. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली काळा थर धरतो. तो उकरला की नासक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. असा थर सापडला तर टँकमध्ये ढवळू नका. पाइपने तेवढा भाग पाण्यासकट खेचून बाहेर काढा.

मेलेली गोगलगाय हाही नेहमीचा उगम. उलटी पडलेली, दार उघडं, हलत नाही अशी दिसली तर उचलून वास घ्या. मेलेली असेल तर दुर्गंधी जबरदस्त असते. एखादा मासा दिसेनासा झाला असेल तर ‘लपला असेल’ म्हणून सोडून देऊ नका, दगड हलवून शोधा.

ड्राय रॉक (वाळलेला, निर्जीव दगड) वापरला असेल तर प्रकार थोडा वेगळा. तो वर्षानुवर्षं वाळलेला असला तरी भोकांत जुनं सेंद्रिय द्रव्य अडकून असतं, भिजलं की ते कुजायला लागतं, आणि त्यातून फॉस्फेटही सुटतं. म्हणून ड्राय रॉकही टँकमध्ये थेट मांडू नये.

दगड कुठून आला

हे इथेच सांगितलं पाहिजे. भारतात सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि समुद्रातला लाइव्ह रॉक म्हणजे बहुतांशी प्रवाळांचाच सांगाडा. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात आणि छान भोकाभोकांचा दगड दिसला, तर तो तिथेच राहू द्या. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी तो दगड कित्येक जीवांचं घर आहे, आणि तुमच्या डिकीतून येईपर्यंत त्यातले बरेचसे मेलेले असतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा जांभा किंवा काळा बसाल्ट उचलून आणणारेही आहेत. ती चुनखडी नाही, पाण्याला अल्कलिनिटीचा आधार देत नाही. जांभ्यात तर लोहच भरलेलं असतं.

मग पर्याय? ड्राय रॉक किंवा सिरॅमिकचे, सिमेंटचे बनवलेले सच्छिद्र दगड, आणि त्यांच्यावर जीवाणू बसवायला एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधला मूठभर दगडाचा तुकडा किंवा तिथल्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) महिनाभर ठेवलेले सिरॅमिक रिंग. माझी पसंती याच मार्गाला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर चुनखडी टाकून वाढवलेला लाइव्ह रॉक मिळतो. तो फार सुंदर असतो, त्यावर जीवसृष्टी गच्च असते, आणि म्हणूनच प्रवासात मरणारंही जास्त असतं. वर सांगितलेली सडण्याची गोष्ट त्या दगडाला सर्वांत जास्त लागू आहे.

दगड कोणताही असो, टँकमध्ये जाण्याआधी तो वेगळ्या पिंपात मुरवा. प्लॅस्टिकचं स्वच्छ पिंप, त्यात योग्य खारटपणाचं पाणी, एक दमदार पॉवरहेड, गरज असेल तर हीटर, वर झाकण म्हणजे अंधार राहील आणि शैवाल धरणार नाही. झाकण घट्ट लावू नका, हवा लागते. आठवड्याला बरंचसं पाणी बदला, तळाची घाण खेचा, दगड हलवून वास घ्या. पाणी न बदलता सलग आठवडाभर अमोनिया शून्य राहिला की दगड टँकसाठी तयार. पिंपात गेलेला हा महिना-दीड महिना वाया जात नाही. टँकमधली नंतरची डोकेदुखी त्यातच संपते.

बादलीची परीक्षा

वासाने कळलं नाही, तरीही अमोनिया येतोच आहे, अशा वेळी मी ज्या परीक्षेवर सर्वांत जास्त भिस्त ठेवतो ती ही. हिला काही खर्च नाही आणि तिचं उत्तर स्वच्छ मिळतं.

२० लिटर ताजं खारं पाणी आदल्या दिवशी मिसळून टँकच्या तापमानाला आणा. त्याची अमोनिया टेस्ट करून आकडा लिहून ठेवा. संशयित दगड बादलीत ठेवा, छोटा पॉवरहेड लावा. २४ तासांनी टेस्ट करा. आकडा वाढला असेल तर दगड जेवढा पचवतोय त्याहून जास्त अमोनिया स्वतःच सोडतोय. हाच तो दगड. त्याला पिंपात परत पाठवा, बाकीचा टँक सुखरूप आहे.

आकडा वाढला नाही तर परीक्षेचा दुसरा भाग. त्याच बादलीत मुद्दाम अमोनिया घाला. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच. पण कल्हईचे खडे अशुद्ध असतात, टँकसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या भागात किंवा कोणत्याही शहरात कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. ६ ग्रॅम नवसागर आरओ पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण करा. यातलं १ मिलिलिटर २० लिटर पाण्यात घातलं की अमोनिया सुमारे १ पीपीएम होतो. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

२४ तासांनी बादलीतला अमोनिया शून्याजवळ आला तर दगडावरचे जीवाणू ठणठणीत आहेत, उगम दुसरीकडे शोधा: वाळू, सम्प, फिल्टरचा कापूस, मेलेला जीव, जास्तीचं खाणं. जसाच्या तसा राहिला तर मात्र जीवाणूंनाच अडचण आहे, आणि ती पुढच्या भागात.

हाच नवसागर बिनमाशांच्या सायकलसाठीही वापरायचा असतो. पूर्ण टँकमध्ये २ पीपीएमच्या वर जाऊ नका. ‘जास्त खाऊ घातलं तर जास्त जीवाणू’ हा हिशेब इथे लागू पडत नाही; मुक्त अमोनिया वाढला की नायट्राइट खाणारे जीवाणूच आधी थंडावतात आणि सायकल अर्ध्यात अडकते.

जीवाणूंना काय कमी पडतंय

पहिलं, ऑक्सिजन. १ मिलिग्रॅम अमोनियाचं नायट्रेट होईपर्यंत जीवाणूंना जवळपास पावणेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २७ अंशांच्या समुद्री पाण्यात मुळात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, आणि एप्रिल-मे मध्ये घरात पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की आणखी कमी. नुसत्या फिल्टरवर चालणारा, पृष्ठभाग काचेसारखा स्थिर असलेला टँक त्यामुळेच अडखळतो. पाणी वरून सतत हलतं ठेवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असेल तर सायकलच्या काळातही चालू ठेवा, उन्हाळ्यात पृष्ठभागावर छोटा पंखा लावा.

लोडशेडिंग किंवा पावसाळ्यातला वीजखंड हे या दुखण्याचं आपल्याकडचं मोठं कारण. वीज गेली की पॉवरहेड थांबतात, पण टँकमधल्या दगडाला निदान उघडा पृष्ठभाग असतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये मात्र आतला ऑक्सिजन लवकर संपतो, जीवाणू गुदमरतात, घाण कुजायला लागते, आणि वीज आली की ते सगळं पाणी एकदम टँकमध्ये येतं. गणपतीला गावी गेलो, परत आलो तर अमोनिया, असं सांगणाऱ्यांनी सोसायटीत विचारावं की मधल्या दिवसांत वीज गेली होती का. दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली असेल तर कॅनिस्टर उघडून आतलं पाणी फेकून द्या, कापूस टँकच्या पाण्यात पिळून घ्या, मगच सुरू करा. बॅटरीवरचा एअर पंप किंवा घरच्या इन्व्हर्टरवर जोडलेला एक छोटा पॉवरहेड एवढ्यावर भागतं. लाइट आणि हीटर त्यावर घालू नका.

दुसरं, अल्कलिनिटी. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. १ पीपीएम अमोनियामागे सुमारे एक तृतीयांश डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). एकदोन वेळा अमोनिया घालून हे जाणवत नाही. पण सडणारा दगड महिनाभर अमोनिया सोडत राहिला, आणि पाणी बदललंच नाही, तर अल्कलिनिटी घसरते, पीएच घसरतो, जीवाणू मंदावतात. अमोनियाचा आकडा धड चढतही नाही, उतरतही नाही, तेव्हा हीच गोष्ट तपासा. ७ डीकेएचच्या खाली असेल आणि टँकमध्ये मासे नसतील तर साधा खाण्याचा सोडा घ्या: १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की सुमारे १ डीकेएच वाढते. आरओ पाण्यात विरघळवून, दिवसाला एकाच डीकेएचची वाढ. बेकिंग पावडर किंवा पोटासाठीचं फ्रूट सॉल्ट नको, त्यांत आम्ल मिसळलेलं असतं.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. ड्राय रॉक, शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी, नवा टँक आणि अमोनियासाठी फक्त नवसागर, अशा फार स्वच्छ मांडणीत जीवाणूंना फॉस्फरस मिळत नाही. विशेषतः नायट्राइट खाणारे जीवाणू वाढायचेच थांबतात. यावर चिमूटभर माशांचं खाणं टाकलं तरी पुरतं. ते कुजताना लागेल तेवढं फॉस्फेट देतं.

आणि औषधं. इच (माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आला म्हणून मुख्य टँकमध्ये तांब्याचं औषध घालू नका. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यावरचे बिनकण्याचे जीव मरतात, ते सडतात, आणि पुन्हा अमोनिया. माशाला वेगळ्या छोट्या टँकमध्ये औषध द्या.

बाटलीतल्या जीवाणूंबद्दल: चांगली उत्पादनं खरोखर काम करतात, पण नायट्रिफाइंग जीवाणू बीजाणू करून तग धरत नाहीत. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत चार दिवस तापलेल्या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नका. घ्यायचीच असेल तर थंडीत घ्या, तारीख बघून, आणि शक्य तर जिथे ती फ्रिजमध्ये ठेवलेली असते अशा ठिकाणाहून.

पाणी आणि खारटपणा

घरातल्या आरओ मशीनमधलं पाणी शुद्धच असतं असं धरू नका. पिण्याच्या बहुतेक मशीनांत चव राखायला टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्यात मिनरल कार्ट्रिजही असू शकतं. टँकसाठी मेम्ब्रेननंतर लगेच फाटा काढा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढणारं) लावा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये याला पर्यायच नाही.

बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओ पाणीच भरायचं. मीठ उडून जात नाही. खारं पाणी भरत राहिलं की खारटपणा हळूहळू चढतो, दगडातले स्पंज आणि किडे मरतात, आणि अमोनियाचं कोडं पुन्हा उभं राहतं. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण तुम्हाला वाचायचं आहे ते टोक दुसरीकडे आहे. तयार द्रावण मिळालं नाही तर घरी करा: ३६.५ ग्रॅम साधं खाण्याचं मीठ (टँकचं समुद्री मीठ नव्हे) आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटीच्या समुद्री पाण्याइतकंच दिसतं. डोक्यावरचा स्क्रू फिरवून रेघ तिथे आणा. वजनकाटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा.

अमोनिया शून्य, पण नायट्राइट हटत नाही

हे दिसलं की लोक घाबरतात, गोड्या पाण्याच्या टँकमधल्या अनुभवामुळे. गोड्या पाण्यात नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून घातक ठरतो. समुद्री पाण्यात क्लोराइड इतकं असतं की कल्ल्यांतून नायट्राइट आत घुसायला वावच मिळत नाही, त्यामुळे तो तिथे फारच कमी विषारी आहे. तो उतरायला आणखी दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या. त्यासाठी पाण्यात काही ओतू नका.

त्या काळात नायट्रेटची टेस्टही करू नका, किंवा केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं, म्हणून पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर आकडा भलताच फुगतो. १०० पीपीएम नायट्रेट बघून अर्धा टँक रिकामा करणाऱ्यांचा घोळ इथेच झालेला असतो. नायट्राइट शून्य झाल्यावर टेस्ट करा, आणि दुसरी बाटली सांगितल्याप्रमाणे अर्धा मिनिट जोरात हलवून घ्या. तिच्या तळाशी गाळ बसतो आणि न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो.

सगळं सापडलं, सडका दगड बाहेर गेला, अल्कलिनिटी ८-९ डीकेएचवर आली, की पूर्ण टँकमध्ये एकदा १ पीपीएम अमोनिया घालून २४ तासांनी बघा. शून्य आला तर आठवडाभर काही न करता रोज टेस्ट करा, कारण आतल्या पोकळीतला एखादा स्पंज अजून शिल्लक असू शकतो. आठवडा कोरा गेला की मोठं पाणी बदला, एक मासा सोडा, पहिले दोन आठवडे दिवसाआड चिमूटभर खाणं द्या आणि त्या काळात अमोनियाची टेस्ट चालू ठेवा. दुसरा मासा त्यानंतर. वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरेल. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, नव्या टँकमध्ये येतात आणि सिलिकेट संपलं की जातात, त्यांचा अमोनियाशी संबंध नाही.